उतारावरची भेग
परळच्या ऑफिसात बसून मी दूरच्या एका ज्वालामुखी बेटाभोवतीच्या समुद्रतळाचा नकाशा करत होते. जहाज ध्वनिलहरी सोडून खोली मोजायचं आणि ती मोजमापं माझ्याकडे यायची. बेटाच्या पाण्याखालच्या उतारावर पूर्वी कधीतरी दरड कोसळलेली होती. तिच्या वरच्या बाजूला मला एक लांब भेग दिसली. मागच्या पाहणीत ती नव्हती. त्याच उताराच्या माथ्यावर, किनाऱ्याला, मच्छीमारांचं गाव होतं; उतार पुन्हा कोसळला तर तेही खाली जाणार होतं.

मी जहाजावरच्या प्रमुखांना फोन केला. "सर, त्या भागावरून एकदा परत जा ना, प्लीज."

"हवा बिघडलीय, आम्ही बंदराकडे निघालोय. लाटांमुळे मोजणी चुकलीही असेल."

मी खूप विनवलं. जहाज वळलं नाही.

लालबागला घरी आई कुर्ल्यांचे नांगे मोडून त्या साफ करत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मगे तेंका सांग मां, थंयसून उठा म्हणान."

दुसऱ्या दिवशी, गावाला तिथून उठवा असं सांगायला, कुणालाही न विचारता मी त्या बेटावरच्या बंदर कचेरीत फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. मग इंग्रजीत विचारलं, "कधी कोसळेल?"

"उद्याही कोसळेल, नाहीतर शंभर वर्षांनी. कदाचित कोसळणारही नाही."

"मग मी लोकांना काय सांगू, मॅडम?"

मी त्याला भेगेची जागा तेवढी लिहून घ्यायला सांगितली. त्याने आभार मानून फोन ठेवला. मी त्याच दिवशी त्या भागाची नवी पाहणी करावी असा अर्ज केला. त्या पाहणीला अजूनही मंजुरी नाही.