दीड इंच

आमच्या ताईचे पुढचे दोन दात तिने स्वतः बनवलेले आहेत. आधीचे दोन तिच्या नवऱ्याने पाडले. ताई कृत्रिम दात बनवण्याच्या लॅबमध्ये कामाला, तेव्हा दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने आपल्याच तोंडाचा साचा घेतला, मेण कोरलं, रंग जुळवला आणि दोन दिवसांनी नवे दात लावून घरी गेली. शेजारचा एक जण जिन्यात म्हणायचा, "दात पाडणारा नवरा आणि दात बनवणारी बायको, जोडा झकास जमलाय." मी त्याच्या दारात जाऊन विचारलं, "तुमचेही पाडून बघायचे का? माप ताई घेईल." तेव्हापासून तो जिन्यात भेटला की भिंतीकडे बघतो. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. ताईच्या वाट्याचाही मलाच मिळालाय, असं आई म्हणायची.

ताईचा छंद बाहुलीघरांचा. लहान मुलींच्या खेळातली प्लॅस्टिकची घरं नव्हेत. एका फुटाला एक इंच या मापात, लाकडाचं, उघडणाऱ्या खिडक्यांचं, चालणाऱ्या कड्यांचं घर. लॅबमधली कोरायची हत्यारं तिच्या हातात बसलेली होतीच. उरलेल्या प्लास्टरच्या ती ताटल्या करायची आणि कवळीच्या गुलाबी मसाल्याच्या बादल्या. त्या घरातली मोरी बघितली की कुणाच्या तरी हिरड्या आठवायच्या. मी शिलाईकाम करते, त्यामुळे पडदे, चादरी, उशा माझ्याकडे. अंगठ्याएवढ्या उशीला अभ्रा शिवताना मी ताईला किती शिव्या घातल्यात, ते मोजायला नको.

अशी घरं बनवणारी दहाबारा माणसं दर महिन्याला वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये जमायची. त्यांचे म्होरके घड्याळकाका. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, बोलायलाही मिनिटकाट्याच्या गतीने. त्यांचा एकच नियम होता. घर मनाने रचलं असेल तर हवं ते करा. खऱ्या घराची प्रतिकृती म्हणून मांडलंत, तर जे आहे ते सगळं पाहिजे. भिंतीला तडा असेल तर तडा पाहिजे. काका बाहेरून माप घ्यायचे, मग आतल्या खोल्यांची बेरीज करायचे. फरक आला की वहीत लिहायचे, "खोटं घर". हा शेरा मिळाला म्हणून एक धट्टाकट्टा पोस्टमन हॉलमध्ये रडल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय.

ताईने आपल्याच घराची प्रतिकृती करायला घेतली. तीन खोल्या, दुसरा मजला. भावोजी टायरच्या दुकानात कामाला होता. पूर्वी मी त्याला अहोजाहो करायचे. पुढे जे घडलं त्यानंतर ती सवय गेली, म्हणून इथेही त्याला तो मान नाही. चाकावरून टायर उपसायची लोखंडी टॉमी तो घरी घेऊन यायचा, जेवताना पायाशी ठेवायचा. कशावरून भडकेल याचा नेम नसायचा. मीठ कमी, मीठ जास्त, नळ गळतोय, ताई बोलली, ताई बोलली नाही. एकदा ताईचं मनगट त्याने टेबलाच्या कडेवर ठेवून मोडलं, शांतपणे, फळी मोडावी तसं. दाराला टॉमीचा खड्डा पडला, तर ताईने छोट्या दारालाही खड्डा केला, मापाने. मोडक्या मनगटावर प्लास्टर असताना केला. मी म्हणायचे, "चल माझ्याकडे, आत्ताच्या आत्ता." ती म्हणायची, "तो सुतळीला सोडणार नाही गं. शाळेबाहेरून उचलेल."

सुतळी म्हणजे ताईची मुलगी. अंगाने तशीच, म्हणून ते नाव. सात वर्षांची असताना त्याने तिचा हात दारात धरून दार लावलं. तीन बोटांची नखं गेली. त्यानंतरच्या आठवड्यात, तो कामावर असताना, ताईने स्वयंपाकघरातल्या माळ्याच्या आत एक प्लायवूडची फळी बसवली. बाहेरून बघितलं तर ती माळ्याची मागची भिंतच वाटायची. फळी सरकवली की मागे दीड फूट जागा. त्या जागेत एक गादी, पाण्याची बाटली, टॉर्च. जिन्यात त्याची पावलं जड वाजली की सुतळी ओट्यावर, ओट्यावरून फ्रिजवर, तिथून माळ्यात, आणि फळी बंद. ओरडायचं नाही, खोकायचं नाही, आई ओरडली तरी नाही, हे तिला पाठ करून घेतलं होतं.

दोन वर्षं त्याला पत्ता लागला नाही. पोरगी कुठे आहे म्हणून तो ताईला बडवायचा. केस धरून तिचं डोकं फरशीवर आपटायचा, "कुठे आहे, सांग," आणि ताई मूग गिळून गप्प. एकदा बरगडी मोडली, तरी नाही बोलली. त्याला वाटायचं, पोरगी शेजाऱ्यांकडे पळते. पोरगी त्याच्या डोक्यावर दोन-तीन फुटांवर पडून सगळं ऐकत असायची.

आता इथे माझी गोष्ट सांगते, कारण ती लपवून ताईची सांगता येणार नाही. त्याच दिवसांत ताईने मला एक गादी शिवायला सांगितली. खऱ्या गादीचा उरलेला निळा पट्ट्यांचा तुकडा दिला आणि माप दिलं, लांबी चार इंच, रुंदी सव्वा. मी म्हटलं, "एवढी अरुंद कुणाला? झुरळाला?" ती हसली. मी शिवून दिली. कुठे ठेवणार ते मी विचारलं नाही, आणि मला माहीत नव्हतं असंही नाही.

रविवारची दुपार होती. पुढच्या आठवड्यात घर हॉलमध्ये न्यायचं होतं, म्हणून मी पडदे घेऊन गेले होते. तो आला तेव्हाच त्याचे डोळे ठिकाणावर नव्हते. दुकानातून त्याला काढलं होतं. सुतळी कधी वर गेली ते मलासुद्धा कळलं नाही. तो "पोरगी कुठे आहे" म्हणाला, ताईच्या पोटात लाथ घातली, मी मध्ये पडले तर मला कपाटावर फेकलं. मग त्याची नजर टेबलावरच्या घराकडे गेली.

"याच्यात लपवलीस काय तिला?" असं म्हणून त्याने टॉमी घातली. पहिल्या फटक्यात छप्पर गेलं. दुसऱ्यात स्वयंपाकघर फुटलं, माळा उखडून खाली आला, छोटी फळी आपोआप सरकली आणि निळ्या पट्ट्यांची गादी त्याच्या बुटाजवळ पडली. तिच्यासोबत एक मण्याएवढी बाटली आणि काडीएवढा टॉर्च.

तो वाकला. गादी दोन बोटांत धरून त्याने बघितली. टायर बघणारा माणूस, मापाची अक्कल त्यालाही होती. त्याने फुटक्या माळ्याकडे बघितलं, मग मान वर करून खऱ्या माळ्याकडे. तो एकदम शांत झाला. त्याच्या मारापेक्षा मला त्या शांततेची जास्त भीती वाटली, आजही वाटते.

ताई त्याच्या पायाला लटकली. त्याने तिला ओट्यापर्यंत फरफटत नेलं, तिच्या हातावर बूट दाबून वर चढला आणि फळी खेचली. सुतळीला वेणीला धरून त्याने बाहेर ओढलं आणि सोडून दिलं. ती मांडीच्या बाजूने ओट्याच्या कडेवर आदळली. हाड मोडल्याचा आवाज झाला. पोरगी ओरडली नाही. तोंडावर दोन्ही हात दाबून पडून राहिली. तिला तसंच शिकवलं होतं ना.

तो खाली उडी मारून तिच्यावर टॉमी उगारायला गेला, तेव्हा ताईने टेबलावरचा शेगडा उचलला. लाकूड घट्ट पकडून ठेवायचं ते लोखंडी यंत्र, चारेक किलोचं. तिने तो त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. तिने पुन्हा त्याच गुडघ्यावर घातला, बरोबर तिथेच, आणि मग तिसऱ्यांदा. टॉमी त्याच्या हातून सुटली ती मी उचलली आणि मीही हात धुऊन घेतले. त्याचे किती दात पडले ते ताईने नंतर मला अचूक सांगितलं. मला लाज वाटत नाही. वाटायला हवी असं कुणी सांगितलं की मी त्यांना सुतळीचा एक्स-रे दाखवते.

पोलीस आले, खटला झाला, ताईचे जुने सगळे एक्स-रे डॉक्टरांनी कोर्टात मांडले. त्याला सात वर्षांची सजा झाली. सुतळीचा डावा पाय अर्धा इंच आखूड राहिला. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर तिने एकच विचारलं, "आई, तू ते छोट्या घरात कशाला केलंस?"

"तिथे होतं म्हणून," ताई म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून रडली. "एवढा मार खाल्ला, तोंडातून अक्षर काढलं नाही गं. आणि हातांनी सगळं सांगून टाकलं."

"गादी माझी होती," मी म्हटलं.

पाच वर्षं ताईने कशाला हात लावला नाही. मग दुसऱ्या भागात भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांची प्रतिकृती सुरू केली. सुतळी आता सोळा वर्षांची, पायऱ्या उतरताना कठड्याला धरते, तोंडाने माझ्यावर गेलीय. गेल्या महिन्यात घर पूर्ण झालं, आणि त्याच आठवड्यात तुरुंगाचं पत्र आलं. तो सुटतोय. पत्र वाचून माझी पाचावर धारण बसली. ताईने ते घडी घालून डब्यात ठेवलं.

हॉलमध्ये घड्याळकाकांनी टेप काढला. हात आता थरथरतात त्यांचे, पण टेप सरळ लागतो. बाहेरून माप घेतलं, आतून घेतलं. पुन्हा घेतलं. चष्मा पुसला.

"मागच्या खोलीपाशी बाहेरून दीड इंच जास्त आहे," ते म्हणाले. "इथे तर नुसतं लाकूड भरलंय. म्हणजे खऱ्या घरात इथे..."

मी त्यांच्या हातातला टेप हिसकावणार होते, पण ते आपणहून थांबले. काय झालं होतं ते त्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी दाराजवळ उभ्या असलेल्या सुतळीच्या पायांकडे पाहिलं. पोरगी त्यांच्याकडे रोखून बघत होती. यावेळी ताईने मला गादी शिवायला सांगितली नव्हती, छोटीही नाही आणि मोठीही नाही. मला त्या क्षणी कळलं, खऱ्या खोलीत तिने पुन्हा लपायची जागा केली होती, आणि मलाही कळू दिली नव्हती.

काकांनी टेप गुंडाळला. वही उघडली आणि सावकाश लिहिलं, "मापं बरोबर." चाळीस वर्षांच्या त्या वहीत एवढं एकच खोटं असेल.

घरी आल्यावर ताईने करवत काढली. सुतळीने छोटं घर दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि ताईने मागची बाजू दीड इंच कापून काढली, मग भिंत पुन्हा चिकटवली.

"आता झालं बरोबर?" सुतळीने विचारलं.

"आता खोटं झालं," ताई म्हणाली आणि भुसा झाडायला लागली.