मामांच्या दोन चिठ्ठ्या

आमच्या मामेसासऱ्यांची आयुष्यात एकदाही चूक झालेली नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात, आणि त्यावर वाद घालील असा माणूस अमरावतीत अजून जन्माला यायचाय. स्कूटरवरून जाताना वळण हुकलं तर मामा मागे फिरत नाहीत, कारण मागे फिरणं म्हणजे चूक कबूल करणं. सरळ पुढे जातात, दोन चौक ओलांडतात, निम्म्या गावाला वळसा घालून त्याच गल्लीत दुसऱ्या तोंडाने शिरतात आणि म्हणतात, "मले इकडूनच याचं होतं." एकदा अकोल्याला एका लग्नाला म्हणून गेले आणि शेजारच्या मंगल कार्यालयात शिरले. अक्षता टाकल्या, पाकीट दिलं, कढी दोनदा मागून घेतली, नवरदेवाच्या आजोबांना गुडघेदुखीवर फुकट सल्ला दिला आणि ढेकर देत बाहेर आले. आम्ही बिचारे त्यांना शोधत भर उन्हात रस्त्यावर उभे! तर उलट आमच्यावरच तडकले. "एकाच रोडवर दोन लग्नं ठेवाची काई गरज होती काय? अन् जेवण याईचंच चांगलं होतं."

मामा लहान मुलांचे डॉक्टर. दवाखाना जुना, खुर्च्या त्याहून जुन्या आणि मतं सगळ्यात जुनी. एखादी आई म्हणाली, "डॉक्टर, अशक्त दिसतो हो, एखादं टॉनिक लिहून द्या नं," तर मामा चष्मा खाली ओढून तिच्याकडे बघणार. "पोराले काई झालं नाई. टॉनिक तुमाले पाह्यजे, अन् ते मेडिकलमध्ये भेटत नाई." कुणी चाचरत विचारलं, की दुसऱ्या डॉक्टरला दाखवू का, तर लगेच, "दाखवा नं. तो बी हेच सांगन, फक्त टाय लावून सांगन." पुण्याहून आलेली माझी बहीण हे ऐकून हबकली होती. पण त्याच दवाखान्याबाहेर सकाळी आठपासून चपलांचा ढीग असतो. तोंड फाटकं, हात गुणाचा, असं आमच्याकडे म्हणतात ते यांच्यासाठीच.

वऱ्हाडात जावयाचे फार लाड होतात, असं मी लग्नाआधी ऐकून होतो. मामांनी मला ड्रायव्हर करून टाकलं. "जवाईबापू, रविवारी मोकळेच असान तुमी," हा प्रश्न नसतो, हुकूम असतो. त्यामुळे पुढची सगळी हकिगत मी स्टिअरिंगमागे बसून पाहिलेली आहे.

लहान मुलांना होणारा एक आजार आहे, स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी. स्नायूंना हलवणाऱ्या नसाच हळूहळू मरत जातात. मूल हसतं, बोलतं, डोक्याने अगदी तल्लख असतं, पण उभं राहत नाही. पुढे बसणंही जातं, मग श्वास. वर्षानुवर्षं यावर औषध नव्हतं. अशा मुलाचे आईबाप आले की मामा बाकीचे पेशंट बाहेर थांबवायचे, दार लोटून घ्यायचे आणि तासभर त्यांच्याजवळ बसायचे. शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "याले दवाखान्या-दवाखान्यानं फिरवू नका. टोचाटोची नको, शाळेची दगदग नको. घरी ठेवा, लाड करा." लोक डोळे पुसत पाया पडायचे. मलाही ते फार मोठ्या मनाचं वाटायचं.

बार्शीटाकळीचा गजानन त्यातलाच. शाळेच्या पोरांची ऑटो चालवतो. त्याची मुलगी समीक्षा दोन वर्षांची असताना मामांनी त्याला हेच सांगितलं. ती सहा वर्षांची झाली तेव्हा, कोणकोणती मुलं शाळेबाहेर आहेत ते बघत गुरुजी घरी आले. गजानन धावत अमरावतीला आला आणि मामांनी त्याला चिठ्ठी लिहून दिली की या मुलीला शाळेत पाठवू नये. मामांचा शब्द! गजाननने ती चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली.

मग औषधं आली. एक पाठीच्या मणक्यातून देण्याचं इंजेक्शन, एक रोज पाजायचं पातळ औषध, आणखीही काही. मामांनी आधी नाक मुरडलं. "अशी लई औषधं येतात अन् जातात." पण त्यांच्याच हाताखाली शिकलेली एक डॉक्टरीण, आता मुलांच्या मेंदू-मज्जातंतूंचं बघते, ती हात धुऊन मागे लागली. सर, जुन्या मुलांना परत बोलवा. महिनाभर मामा भिंगातून काहीबाही वाचत बसले, मामींशी विनाकारण भांडले आणि एका सकाळी गजाननला फोन लावला. एका मोठ्या रुग्णालयाच्या मदतीच्या योजनेत समीक्षाचं नाव लागलं आणि तिचं पातळ औषध सुरू झालं. त्याचे अर्ज मामांनी स्वतः भरले. तीन वेळा परत आले, आणि तिन्ही वेळा चूक अर्जाचीच होती.

त्या औषधाने समीक्षा उठून पळू लागली नाही. पळणारही नव्हती. पण जे आहे ते टिकू लागलं, आणि सहा महिन्यांनी ती पाण्याचा पेला स्वतःच्या हाताने ओठांपर्यंत नेऊ लागली. त्यासरशी जुने सगळे निर्णय उकरून काढायची वेळ आली. डॉक्टरीणबाई तिची पाठ तपासत होत्या, मामा बाजूला, मी दारात. "सर, पाठ वाकतेय. पट्टा लावू, श्वासाचे व्यायाम सुरू करू. आणि पुढच्या दहा-वीस वर्षांचा विचार करून ऑपरेशनचं ठरवू." दहा-वीस वर्षं! मामांनी या आजारात कधी दोनच्या पुढे मोजलंच नव्हतं. बाई लिहिता लिहिता सहज म्हणाल्या, "चाकाची खुर्ची वर्गाच्या बाकाजवळ बसायला हवी. कितवीत आहे ही?"

गजाननने हात जोडले. "शाळेत नाई जात, मॅडम. साहेबानंच नाई म्हणलं होतं." त्याच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता, झालाच तर थोडा अभिमान होता.  त्या दिवशी मामांनी चहा घेतला नाही, आणि त्यांनी चहा नाकारणं म्हणजे काय ते आमच्या घरच्यांनाच कळेल.

पुढच्या रविवारी मी बार्शीटाकळीच्या रस्त्यावर. पोर आता नऊ वर्षांची. बाप लाड म्हणून तिला रोज ऑटोत स्वतःजवळ पट्ट्याने बांधून बसवायचा. म्हणजे ही मुलगी तीन वर्षं रोज शाळेच्या फाटकापर्यंत जायची आणि तिथूनच परत यायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ऑटोतल्या पोरांचं ऐकून ऐकून चौथीपर्यंतच्या कविता सगळ्या पाठ. मामांनी तिच्यासमोर पाटी धरली आणि आवाजात साखर घालून विचारलं, "बेटा... बाराचा... पाढा... येते काय?" तिने एका दमात बारा दाहे वीसाशेपर्यंत म्हणून टाकला आणि वर म्हणाली, "डॉक्टर, तुमी इतकं हळू काहून बोलून राह्यले? मले चालता येत नाई, आयकू येते." मी हसलो. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गाडीत हवा भरून येतो म्हणून बाहेर पडलो.

चार महिने आमचे रविवार असे गेले. मामांच्या शिकवण्याबद्दल मी काही बोलत नाही. माणसाने मामेसासऱ्यांबद्दल किती खरं लिहावं यालाही मर्यादा असते. समीक्षा त्यांना न जुमानता वाचायला शिकली. आणि शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात आम्ही चौघं शाळेत जाऊन उभे राहिलो.

मुख्याध्यापक भला माणूस, पण धास्तावलेला. पोर पडली, दम लागला, तर जबाबदारी कुणाची? मामांनी चिठ्ठी पुढे केली, "ही मुलगी शाळेत जाऊ शकते, तिनं गेलंच पाह्यजे." मुख्याध्यापकांनी कपाटातली जुनी फाइल काढली आणि तीन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीची नक्कल शेजारी ठेवली. "डॉक्टरसाहेब, दोन्हीवर सही तुमचीच. मी कोणती खरी धरू?"

मामांचा चेहरा लालेलाल झाला. आता हे औषधावर ढकलणार, काळावर ढकलणार, निदान शिक्षण खात्यावर तरी ढकलतीलच, असं मला वाटलं. तेवढ्यात गजाननच घाईघाईने पुढे झाला. "सर, साहेबाचं चुकलं नसन. माह्याच आयकण्यात काई फरक झाला असन." एवढा सरळ, मोकळा रस्ता बापजन्मी कुणी मामांना काढून दिला नव्हता. समीक्षा खुर्चीतून एकदा बापाकडे आणि एकदा मामांकडे टकामका बघत होती.

"नाई, गजानन," मामा म्हणाले. "तुह्या आयकण्यात नाई चुकलं. माह्या सांगण्यात चुकलं."

देवाशपथ सांगतो, मी टेबल घट्ट धरलं. मामांनी गजाननकडून ती लॅमिनेट केलेली चिठ्ठी मागून घेतली आणि फाडायला लागले. ती कसली फाटते! डावीकडून ओढली, उजवीकडून ओढली, दाताने धरून पाहिली. समीक्षा खुदकन हसली, मग मुख्याध्यापकही हसले, आणि हसता हसता त्यांनी रजिस्टर उघडून चौथीत तिचं नाव घातलं. वर्ग खालच्या मजल्यावरचा, बाक खिडकीजवळचा. गजानन शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता आणि "धूळ लई हाय इथं," म्हणत होता.

परतताना मी फार खुशीत होतो. आता घरी जाऊन ही बातमी कुणाकुणाला सांगायची याची मनात यादी करत होतो.  अकोला मागे पडल्यावर मामा आपणहून बोलायला लागले. "धारणीकडचा एक पोरगा होता, जवाईबापू. हाच आजार. बाप त्याले पाठीवर घेऊन एसटीनं याचा. पोरगा माह्या टेबलावरच्या कॅलेंडरवर बोट ठेवे अन् मले विचारे, हे काय लिहेल हाय? मी त्याच्या बापालेबी तेच सांगतलं. घरी ठेवा. आठ वर्षांचा झाला अन् गेला."

मला त्यांची दया आली. इतकी वर्षं ज्यांना चिडवत आलो त्यांची बाजू घ्यायची वेळ आज माझ्यावर आली होती. मी म्हणालो, "मामा, यात तुमची काय चूक? तेव्हा औषधच नव्हतं."

"औषध नव्हतं," मामा म्हणाले. "शाळा तं होती नं."