शिट्टीच्या गाळ्यावर ताबा

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या लेथखाली पितळेचा बुरादा साठतो ना, तसे ते साठतात. संध्याकाळी झाडून लख्ख करा, सकाळी परत पायाला टोचतोच! आणि त्यात गाळा विकायला निघालेला असला, तर मग टोपलीच घेऊन बसायचं.

आमचा गाळा साकीनाक्याला. आम्ही कुकरच्या शिट्ट्या बनवतो. म्हणजे तुमची डाळ शिजली हे तुम्हाला आमच्यामुळे कळतं, विसरू नका! मी परब, मूळचा मालवणचा. शिक्षण सातवी, तेसुद्धा मास्तरांना माझं तोंड बघायचा कंटाळा आला म्हणून वर ढकलत गेले. माझ्या शेजारी मोठ्या प्रेसवर कांबळे. बोलतो कमी, पण बोलला की समोरचा पाणी मागतो.

कांबळे मागच्याच चाळीत राहतो. बायको कामाला जाते, आई अंथरुणाला खिळलेली. रोज जेवणाच्या सुट्टीत हा घरी पळतो, आईला भरवतो आणि भोंग्याच्या आधी परत मशीनवर. वापीची कुठलीतरी मोठी कंपनी गाळा घेणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बाकीच्यांना पगाराची चिंता. कांबळे एवढंच म्हणाला, "परब, मशिनी उचलून वापीला नेल्या, तर म्हातारीला कोण भरवणार रे?"

 

•

कुणकुण लागली ती काजूकतलीवरून.

आमचा शेठ म्हणजे चहाबरोबर बिस्कीट मागितलं तर "डायबिटीस होईल, परब" म्हणणारा. तो एक दिवस हातात बॉक्स घेऊन स्वतः मशीन-मशीनला फिरायला लागला. "खाओ, खाओ! अपने को बडा पार्टनर मिल रहा है!"

कुणी हात लावेना. सगळे एकमेकांकडे बघतायत. मी एक तुकडा उचलला, वास घेतला आणि परत ठेवला. शेठ चिडला. "अरे, जहर है क्या?"

कांबळे प्रेस पुसत म्हणाला, "शेठ, आमच्या गावाला बोकडाला पण आदल्या दिवशी चांगलं खायला घालतात."

बॉक्स होता तसा परत गेला. नंतर कळलं, शेठनी घरी नेऊन सगळी एकट्यानेच खाल्ली!

•

मग टेपवाले आले. दोन पोरगे, इस्त्रीचे शर्ट, हातात मोजायची टेप. आले ते सरळ भिंती मोजायलाच लागले. आम्हाला वाटलं, कंपनीचीच माणसं, दुसरं कोण?

मी म्हटलं, गोड बोलून काढून घेऊ. टेपचं टोक मीच धरलं. धरलं म्हणजे, ते तिकडे आकडा वाचायला वाकले की मी इकडे वीतभर सरकायचो. एकच भिंत त्यांनी दोनदा मोजली, तिसऱ्यांदा मोजली, शेवटी एकमेकांवरच ओरडायला लागले. मध्ये चहा पाजला. "साहेब, सगळे राहणार ना कामावर?" "हे बघा, आमचा पॅकिंगवाला बंड्या कामचोर आहे, पण घरचा गरीब आहे," असं जो तो आपापलं आणि दुसऱ्याचं सांगून मोकळा झाला.

पोरगे सगळं ऐकून घेत होते. चहा संपल्यावर त्यातला एक म्हणाला, "काका, ते ठीक आहे, पण पीओपीची सीलिंग नक्की कुठे लावायची?"

शेजारच्या गाळ्याचं काम होतं!

•

म्हटलं, आता युनियनकडे जाऊ. तर तिथे वेगळाच ताबा!

आमचा पुढारी दळवी. गल्लीच्या तोंडाला युनियनची खोली आहे. वर कुठेतरी पक्ष फुटला, त्याची चीर फिरत फिरत आमच्या गल्लीपर्यंत आली. सकाळी एका गटाने खोलीला कुलूप लावलं. दुपारी दुसऱ्या गटाने त्यावर आपलं कुलूप लावलं. दळवी सकाळी पहिल्या गटात होता, दुपारी दुसऱ्या. म्हणजे दोन्ही कुलुपांना हार घालताना तोच!

"अरे दळवी, आमच्या मशिनी जातायत!"

"थांब रे परब. आधी खोली कुणाची ते ठरू दे."

मला राहवेना. घरी पेटीचं एक जुनं कुलूप पडलं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर येताना जाता जाता तेही अडकवून दिलं.

काय वाट लागली म्हणून सांगू! दोन्ही गट गल्लीत उभे, कुलपाकडे बघतायत. "हा तिसरा गट कुणाचा?" फोनवर फोन. "साहेब, वरून काय आदेश आहे का?" वरच्यांनाही खात्री नाही, कारण हल्ली वर काय होईल ते वरच्यांना तरी कुठे माहीत असतं! दोन दिवस एकमेकांवर खेकसणारे लोक एकदम हळू बोलायला लागले.

संध्याकाळी दळवी मला कोपऱ्यात घेऊन गेला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"परब, तुझी सगळीकडे ओळख असते. त्या तिसऱ्या गटात माझं काही जमतंय का बघ ना, यार!"

•

पुढच्या आठवड्यात कंपनीची एचआर मॅडम आली. पोरगी गोड होती, उगाच खोटं कशाला बोलू. सगळ्यांना टी-शर्ट वाटले. सगळे एकाच मापाचे. मला घोट्यापर्यंत, बंड्याला बेंबीपर्यंत.

मी विचारलं, "मॅडम, एकच माप का?"

मॅडमच्या आधी बंड्याच बोलला, "मला काढला की माझा तुला होईल म्हणून!"

मॅडम हसली, हात जोडले आणि म्हणाली, "असं काही नाही हो. आजपासून आपण सगळे एक फॅमिली आहोत."

कांबळेने टी-शर्टची नीट घडी घातली. "मॅडम, वाटण्या फॅमिलीतच होतात."

•

आता खंडेनवमीचं ऐका. त्या दिवशी आमच्याकडे मशिनींची पूजा असते. मोठ्या प्रेसला हार, हळदकुंकू, पायाशी पाट, पाटावर सुपारीचा गणपती. यजमान शेठ. कांबळे बौद्ध, त्यामुळे पूजेला बसत नाही, हात जोडत नाही. आदल्या दिवशी प्रेस मात्र आरशासारखा पुसून ठेवतो.

यंदा शेठ पूजेला बसला, नारळ फोडला, आमची नजर चुकवली आणि तिथूनच सह्या करायला गेला. सह्या करून थेट कॅनडाला, मुलाकडे. उत्तरपूजा करायची राहूनच गेली!

दसरा उलटला आणि नवे मॅनेजर मेहरा साहेब ट्रक आणि हायड्रा क्रेन घेऊन हजर. मशिनी वापीला. पहिला मोठा प्रेस.

हायड्रावाला पट्टा घेऊन पुढे आला आणि पाट बघून थबकला. मी लगेच पुढे झालो. "भाऊ, उत्तरपूजा नाही झाली. ज्याच्या हातची पूजा, त्याच्याच हातची उत्तरपूजा. तोपर्यंत पाट हलत नाही, मशीन हलत नाही." हा नियम कुठल्या पोथीत आहे ते मला विचारू नका.

हायड्रावाल्याने चपला काढल्या, प्रेसला नमस्कार केला आणि जाऊन केबिनमध्ये बसला. "साब, इसको अपुन हाथ नहीं लगाएगा."

मेहरा साहेब लाल. शेठला फोन लावला, तर तिकडे शेठ झोपलेला. भटजी आणतो म्हणाले. मी म्हटलं, "आणा की, पण यजमान कॅनडाहून आणा!" साहेबांनी मग सगळ्यांवरून नजर फिरवली. प्रेससमोर हाताची घडी घालून कांबळे उभा. साहेबांचा चेहरा एकदम उजळला.

"कांबले, आप तो समझदार आदमी हो. आप तो बुद्धिस्ट हो ना? ये पूजा-वूजा मानते नहीं. आप ही ये पाट उठा दो."

कांबळेने आधी पाटाकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"बुद्धिस्ट मैं है, साब. मशीन नहीं है."

आणि जेवणाचा भोंगा झाला तसा म्हातारीला भरवायला निघून गेला.