झेरॉक्सवरची जाळी

नागभीडकडच्या एका पोलीस ठाण्यात मी हरवलेल्या मोबाईलची तक्रार घेऊन बसलो होतो. रांग इतकी हळू सरकत होती की बसल्या बसल्या माझी दाढी दोनदा वाढली. माझ्यापुढे तलावात मासे धरणारी एक बाई होती. तिच्या आधारकार्डावर कुणीतरी सिम घेऊन लोकांना फसवलं होतं आणि चौकशीची नोटीस मात्र तिला आली होती.

"बाई, तक्रारीला आधारची झेरॉक्स जोडा," हवालदार म्हणाले.

तिने झेरॉक्स काढली, माझ्या खिशातलं पेन न विचारता उपसलं आणि सगळ्या कागदावर आडव्यातिडव्या रेघांची जाळी ओढली. मग पेन माझ्याच हातात दिलं. "भाऊ, इथी लिहून द्या. फक्त या तक्रारीसाठी. आजची तारीख बी टाका."

"अवो, खराब केली ना तुम्ही!" हवालदार ओरडले.

"खराब नाई झाली, साहेब. आमच्या तलावात दहा घरची जाळी राह्यतात, ज्याच्या त्याच्या जाळ्याले खूण असते. त्या सिमच्या दुकानात मी कोरी देल्ली, तेच चुकलं. आता हा कागद दुसऱ्या कोनाच्या कामाचा नाई."

हवालदारांनी कागद उलटसुलट पाहिला आणि तक्रार घेतली. शिक्का मारलेली पोच हातात पडल्यावरच ती उठली.

मी आजवर वाटलेल्या कोऱ्या झेरॉक्स अंथरल्या, तर एटापल्लीपर्यंतचा रस्ता झाकून जाईल. त्या कुठे कुठे दिल्या, ते मी बाकावर बसून आठवू लागलो. पाच जागा आठवल्या. सहावी काही केल्या आठवेना.