ताईची सुई आणि कारल्याची भुकटी

परवा नातीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सध्या इन्सुलिन कमी लागतंय म्हणून हुरळून जाऊ नका. रक्तात या अँटिबॉडीज आहेत, शरीर स्वतःच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतंय, म्हणजे पुढे ते लागणारच." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हा कागद आमच्या घरात साठ वर्षं उशिरा आला.

ताई तेव्हा सतराची होती. आम्ही अकोल्यात राहायचो. अमरावतीच्या डॉक्टरांनी तिला सुई सुरू केली आणि वाळून काडी झालेली ताई पुन्हा अंगानं भरली. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशी ठेवलेली असायची. लघवी तपासायचं निळं औषध ताई स्वतःच दिव्यावर उकळायची. साखर असली की ते विटकरी व्हायचं. पुढे ते निळंच राहू लागलं, सुईही जेमतेम लागू लागली. आत्याबाई तिला रोज कारल्याची भुकटी चारायच्या; त्यांनी लगेच श्रेय त्या भुकटीला देऊन टाकलं.

बाबांना तेच ऐकायचं होतं, कारण बडनेऱ्याहून रेल्वेतल्या मुलाचं स्थळ आलं होतं. डॉक्टरांनी बजावलं, सुई बंद करू नका, ती पुन्हा लागेल.

"लागनच कशावरून?" बाबांनी विचारलं.

दाखवायला डॉक्टरांकडे तेव्हा असा कागदच नव्हता. बाबा खटला जिंकल्यासारखे घरी आले.

लग्नानंतर निघताना ताई दाराआड बाबांना म्हणाली, "मले सुई नेऊ द्या ना, बाबा."

"सासरचे काय म्हणतीन? बिमार पोरगी गयात बांधली म्हणतीन!"

आत्याबाईंनी तिच्या पेटीत भुकटीचा डबा ठेवला. वर कुंकवाचं बोटही लावलं.

पावसाळा सरायच्या आत ताई गेली. ती सारखं पाणी मागायची, आणि सासरच्यांना ते नव्या सुनेचे नखरे वाटले. त्यांना दोष तरी कसा द्यायचा, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. बाबांना मात्र मी कधी माफ केलं नाही, ते गेल्यावरही नाही.

तेरवीनंतर पेटी परत आली. आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "भुकटी बराबर घेतली नसन तिनं."

मी डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. ताईनं तो तळापर्यंत बोटांनी खरवडून रिकामा केला होता.