साळूबाईचा अंगठा

वेल्ह्याच्या गुत्त्यावर मी सोळा वर्षं दारूचं माप भरलं. मक्तेदार नसरापूरला असायचा, गल्ल्यावर मी. मला कुणी दारूवाला म्हटलं तर राग यायचा नाही, अजूनही येत नाही. परवाना होता, धंदा होता. लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची, आणि ती सांगायची तर आधी साळूबाई सांगायला हवी.

साळूबाई सुईण. तोरण्याच्या पायथ्याची पाच-सहा गावं आणि वरचे धनगरवाडे, तिथलं बहुतेक प्रत्येक पोर तिच्या हातावर जन्मलेलं. माझीही नाळ तिनंच कापली होती, म्हणून भर बाजारात मला 'सावळ्या' अशी हाक मारायची. बाई काटक आणि तोंडानं फटकळ. बाळंतिणीचा नवरा दारात घुटमळायला लागला की म्हणायची, तुझं काम झालं, आता लाकडं फोड जा. अक्षर तिला येत नव्हतं, पण कोण कधी जन्मलं ते सगळं तोंडपाठ. कुणी बैल कड्यावरून पडला त्या दिवशी, कुणी नाचणी खळ्यात असताना. सोयरीक असो की वाटणीचं भांडण, पोराचं वय विचारायला लोक तिच्याकडे यायचे आणि ती सांगेल ते ऐकून उठायचे. कागद कुणी मागत नव्हतं.

रायबा हा वरच्या वाड्यावरच्या कोंडाबाईचा मुलगा. बाप पाय मोडून घरी पडलेला, त्याच्यासाठी तो दर बाजाराला बाटली न्यायला यायचा. अंगानं थोराड, पण ओठावर नुसती काळी रेघ. अठरा पुरी झाल्याशिवाय कुणाला दारू विकायची नाही अशी परवान्यात अट होती. मी ती धाब्यावर बसवली होती. एकदा अबकारीच्या माणसानं रायबाच्या हातात बाटली बघितली आणि मला दम भरला, की पुढच्या फेरीला या पोराच्या वयाचा दाखला दिसला नाही तर परवाना गेला म्हणून समज.

दाखला मी साळूबाईच्या ओसरीवर बसून स्वतःच लिहिला. रायबाला अठरा पुरी झाली, तो माझ्या हातावर जन्मला, असा मजकूर. वाचून दाखवला तर बाई खवळली. म्हणाली, चौदाचं पोर ते, मानमोडीच्या साथीत जन्मलेलं, तुझे डोळे फुटले का? मी म्हटलं, आजी, बापासाठी नेतो बिचारा, अर्धा डोंगर उतरून आलेल्याला हात हलवत परत पाठवू का? कोंडाबाईच्या घरचे हाल तिला ठाऊक होते.

"पोराला पाजणार न्हाईस न्हवं, सावळ्या?"

"न्हाई, आजी. तुझी आण."

मग तिनं अंगठा दिला.

त्याच हिवाळ्यात मी रायबाला पाजली. आता लपवून काय करू? बाप फार दिवस काढणार नव्हता हे दिसत होतं, आणि मला गिऱ्हाईक सोडवत नव्हतं. चव तर बघ, म्हणून पहिला पेला मीच पुढं सरकवला. पोरानं तोंड वाकडं केलं, मी हसलो. वर्षाच्या आत बाप मेला, पण रायबाचं येणं काही थांबलं नाही.

एका बाजाराच्या दुपारी कामथडीचा कुंडलिक गुत्त्याच्या पायरीवर त्याला म्हणाला, बापाची गादी बरी चालवतोस रे. एवढंच म्हणाला. रायबाच्या पोटात तेव्हा मी भरलेले पाच पेले होते आणि खांद्याला कुऱ्हाड. कुंडलिकाचा उजवा हात मनगटाखाली कायमचा गेला. तो माणूस नांगर धरायचा.

खटला भोरला चालला. वकिलानं कोंडाबाईला समजावलं, की मुलगा सोळाच्या आतला ठरला तर तुरुंग नाही, आईच्या हमीवर घरी येईल. साळूबाई दोन दिवस चालत भोरला आली. पिंजऱ्यात उभी राहून तिनं सांगितलं, की मानमोडी होती, कोंडाबाई तापानं फणफणलेली, पडवीत तिच्या दिराचं मढं होतं आणि आत हा जन्मला. कुणाचाही विश्वास बसला असता.

पेले मी भरले म्हणून मलाही साक्षीला बोलावलं होतं, आणि दाखला माझ्या खिशात होता. फाडला असता तर पोर सुटलं असतं आणि पोराला दारू विकली म्हणून मी अडकलो असतो. मी तो काढून दिला.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी तिला अंगठा दाखवून विचारलं, तुझाच का? ती व्हय म्हणाली. मग यातलं खरं कुठलं?

"अंगठा खोटा हाय, सायेब. त्वांड खरं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, या बाईंनी सांगितलं तसं मी लिहिलं. माझ्या शपथेचं ती आता सगळ्यांसमोर काढणार अशी मला धास्ती होती. तिनं काही काढलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी खाली बघितलं. रायबाला तीन वर्षांची सजा झाली. पंधराचं पोर मोठ्या कैद्यांत गेलं.

त्यानंतर साळूबाईला वय विचारायला जाणारे कमी झाले. एका सोयरिकीत तिनं मुलीचं वय सांगितलं तर मुलाकडचा एक जण हसून म्हणाला, हे तोंडाचं की अंगठ्याचं? त्या दिवसापासून ती कुणाचंच वय सांगेनाशी झाली. मला सावळ्या म्हणायचीही बंद झाली. मालक म्हणू लागली. रायबा सुटला तेव्हा खरोखरच अठराचा होता. गुत्त्यावरून मान खाली घालून गेला आणि पुढं मुलूख सोडून कुठं गेला, ते कोंडाबाईलाही कळलं नाही.

खटल्यानंतर चार वर्षांनी माझी बायको फुलाबाई बाळंतपणात अडली. दीड दिवस झाला तरी सुटका होईना. शेवटी मी निलाजऱ्यासारखा साळूबाईच्या दारात हात जोडून उभा राहिलो. ती पदर खोचून उठली. उन्हं कलती व्हायच्या आत मुलगा झाला, दोघं सुखरूप. मी दारातच घुटमळत होतो, पण ती मला लाकडं फोड म्हणाली नाही. पत्रिकेसाठी जन्माची वेळ मीच विचारली, पूर्वी ती न विचारता सांगायची.

हात पुसत ती म्हणाली, "तुमीच लिवा की, मालक. म्या अंगठा देते."