दोन डिस्क, दोन भाऊ

माझे दोघे भाऊ मला आक्का म्हणायचे. आता काय म्हणतात ते मला माहीत नाही.

आमचं गाव महाळुंग्याच्या अंगाला. जमिनी कंपन्यांत गेल्या, त्या पैशातून वडिलांनी एक क्रेन घेतली. भावांनी पुढे दुसरी घेतली, मग फोर्कलिफ्ट, ट्रेलर. आजूबाजूच्या कंपन्यांत मशिनरी उतरवायची, उचलायची, बसवायची, हा धंदा. मी तिघांत थोरली, लग्न होऊन आकुर्डीत आलेली. इथे एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. नेटवर्क बंद पडलं की सगळे माझ्या नावाने शंख करतात, आणि चालू असलं की मी कोण हे कुणाला आठवत नाही. पण ते परक्यांचं. परक्यांचं काय मनावर घ्यायचं!

आई-वडील एकामागोमाग गेले. त्यानंतर काही दिवसांनी मोठ्या भावाचा फोन आला. "आक्का, हापिसातल्या एका कॉम्प्युटरातलं दुसऱ्यात दिसत न्हाई बघ. एकच क्रेन आमी दोगांनी दोन कंपन्यांना कबूल केली. लोकं हसत्यात." मागून धाकटा ओरडला, "बाहेरचा मानूस नगं, आक्काच पायजे!" ते वाक्य मी कितीतरी दिवस उराशी धरून होते. मूर्ख मी, दुसरं काय.

मग माझे रविवार माहेरी जायला लागले. नवरा चिडवायचा, "बिगारी जोरात आहे तुझी." मी म्हणायचे, "असू दे, माझंच ऑफिस आहे." ऑफिस म्हणजे गॅरेजच्या डोक्यावर बांधलेल्या पत्र्याच्या तीन खोल्या. खाली वेल्डिंग सुरू झालं की वर दिवे मिचमिचायचे. दोघांचं सगळं एकाच जागी राहावं म्हणून सर्व्हर बसवायचं ठरलं, पण अशा जागी तो ठेवायचा तर आधी अर्थिंग हवं. त्याचा खड्डा दोघा भावांनी स्वतः खणला, मीठ-कोळसा भरला, तोंडं काळी करून घेतली आणि एकमेकांना शिव्या घालत पोट धरून हसले. उंदरांनी कुरतडू नये म्हणून मी सगळी वायर पाइपातून ओढून घेतली. सर्व्हर देवाच्या फोटोखालच्या कोनाड्यातच पाहिजे असा मोठ्याचा हट्ट. म्हटलं ठेव बाबा, पण उदबत्ती तेवढी लांब लाव.

सर्व्हरमध्ये मी दोन डिस्क घातल्या. एकीवर जे लिहिलं जाईल ते आपोआप दुसरीवरही लिहिलं जातं, म्हणजे एक मेली तरी दुसरीच्या जिवावर काम चालू राहतं. धाकट्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हंजी आमच्या दोगांवानी. एक आजारी पडला तर दुसरा हाय." मला अगदी भरून आलं. आईला हे ऐकायला मिळायला हवं होतं असं वाटलं.

पुढे त्यांचं फाटलं. कशावरून म्हणाल, तर नवी मोठी क्रेन कुणाच्या नावावर घ्यायची यावरून. निदान सुरुवात तिथून झाली, मग दोन्ही सासुरवाड्यांनी तेल ओतलं. ऑफिसच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. त्याला भोक पाडून माझी वायर पलीकडे गेली. प्रिंटर दोघांत एकच, त्यावर एकाचं बिल आलं की दुसरा चोळामोळा करून फेकायचा. मी याला फोन करायचे, त्याला फोन करायचे, रडायचेही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

एके दिवशी धाकट्याचा फोन आला. "रविवारी ये. वाटणी करायचीय."

मी आईची साडी नेसून गेले. वाटलं, थोरली म्हणून मधे बसवतील, दोन शब्द ऐकतील. रस्ताभर मनात जुळवत गेले की काय बोलायचं, कुणाला आधी बोलायचं. पोचले तर मोठ्याने हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. "सर्व्हर खोल. दोन डिस्क हायत ना? एक मला, एक त्याला. हिशेब मिटला."

कप्पाळ माझं! मी सांगितलं, बाबांनो, तशी वाटणी नाही होत, दोन्हींवर दोघांचंही सगळं आहे. ऐकलं मात्र, दोघांचे चेहरे उतरले. "म्हंजी माझ्या पार्ट्या, माझे भाव त्याच्याकडं जाणार? न्हाई चालायचं. त्याच्यातलं माझं पूस." पलीकडून धाकट्याचंही तेच. मग मी जमिनीवर बसून याच्यातून त्याला पुसलं आणि त्याच्यातून याला. लग्नाकार्याचे, आई-वडिलांचे फोटोही त्यातच ठेवलेले. विचारलं, "हे कुणाकडे ठेवू?" दोघांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. मोठा म्हणाला, "ऱ्हाऊ दे कुटंबी."

मी ते फोटो माझ्या पेन ड्राइव्हमध्ये घेतले. तेवढीच माझी वाटणी.

चहा पिताना धाकटा म्हणाला, "आन आक्का, बुधवारी राजगुरुनगरला यायचंय. हक्कसोडावर सही." वडिलांमागे सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली होती. उरलेली जमीन आणि गॅरेजची जागा दोघांत वाटायची तर आधी बहिणीने हक्क सोडायला हवा. आमच्याकडे सगळ्याच बहिणी सोडतात. मीही सोडला असता, देवाशपथ, हसत हसत सोडला असता. फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं, आक्का, सोडतेस का गं? इथे तर वार ठरवून मोकळे!

बुधवारी गेले. भाऊ दोन गाड्यांतून आलेले, दोन टोकांना उभे. रजिस्ट्रार ऑफिसातल्या साहेबाने कागद पुढे केला आणि विचारलं, "ताई, वाचलंत का? स्वखुशीने सोडताय ना?"

मी तोंड उघडायच्या आत दोन्हीकडून आवाज आला, "व्हय, व्हय."

एकदम, एका सुरात! इतके महिने एका प्रिंटरवर ज्यांचं एकमत होत नव्हतं ते दोघे. माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, "साहेबांनी मला विचारलंय." आणि साहेबाला सांगितलं, "नाही. खुशीने नाही." त्याने कागद बाजूला सारला आणि पुढच्यांना हाक मारली.

बाहेर आल्यावर मोठा म्हणाला, "आजपासनं तू आमाला मेलीस." धाकट्याने स्वतःची गाडी तिथेच ठेवली आणि मोठ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसला. मी त्यांना जाताना बघत राहिले.

आता प्लायवूड काढलंय म्हणे. दोघे एका टेबलावर डबा खातात, नवा सर्व्हर घेतलाय, नवी क्रेन दोघांच्या नावावर आलीय. गावातल्या एका चुलतीने सांगितलं. सांगताना तिला वाटलं असेल मला वाईट वाटेल. वाटलंच. खोटं कशाला बोलू?

पण खरा काटा निराळाच आहे. ते भांडत होते तेव्हा मी गावच्या देवीला, जिची वाट आमच्या गॅरेजवरूनच जाते, बोलले होते, माझ्या भावांना एकत्र आण, तुझी खणानारळाने ओटी भरीन. देवीने ऐकलं. आता ती ओटी भरायला मी कुणाच्या दारावरून जाऊ?